ऑप्टॅटसची पाच वर्षे

भूमध्य समुद्रात पहिल्यांदा बुडी मारणाऱ्याची थोडी निराशा होते. डोक्यात लक्षद्वीपची नाहीतर तांबड्या समुद्राची छायाचित्रे असतात आणि पाण्याखाली दिसतो तो चुनखडीचा खडक, त्यावर तपकिरी शेवाळ, मधूनमधून पॉसिडोनिया गवताची कुरणे आणि करड्या-चंदेरी माशांचे थवे. तिकडे ‘रीफ’ म्हणतात ते बहुतेक वेळा या खडकालाच. प्रवाळांनी बांधलेल्या भिंती तिथे नाहीत. त्यामुळे क्रीटपाशी, कार्पाथोसपाशी, माल्टात किंवा सिसिलीजवळच्या उस्तिका बेटाच्या किनाऱ्याला एखादा लाल-पिवळा मासा खडकाआडून निघाला की सगळे कॅमेरे तिकडे वळतात. हा भूमध्य समुद्राचा पोपटमासा, स्पारिसोमा क्रेटेन्से. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे नामकरण केले तेव्हा क्रीटचे नाव त्याच्यामागे लावले. पोपटमाशांच्या कितीतरी जाती उष्ण समुद्रांत आहेत. भूमध्य समुद्रात जन्मापासून राहणारी ही एकच.

मासा खरोखरच देखणा आहे. मादी अंगभर शेंदरी, डोक्यामागे राखाडी रंगाचा मोठा डाग, त्या डागाला पिवळी कड आणि शेपटीच्या मुळाशी पुन्हा एक पिवळा ठिपका. नर मात्र करडा, पटकन लक्षात न येणारा. पोपटमाशांच्या बहुतेक जातींत भपका नराकडे असतो, इथे उलट. तोंडात दात एकमेकांना जुळून चोच झालेली. तिने तो खडकावरचे शेवाळ खरवडतो. घशात आणखी आत दातांच्या पाट्यांची दुसरी जोडी असते आणि खरवडलेले सगळे तिथे दळले जाते. तोंड मिटलेले आणि गळा हलतो आहे, असे हे दृश्य. ॲरिस्टॉटलने ते दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी टिपून ठेवले आणि निष्कर्ष काढला की रवंथ करणारा मासा बहुधा हाच एक. निष्कर्ष चुकला, निरीक्षण चुकले नाही. आजच्या छायाचित्रकारांबद्दल तेवढे म्हणता येत नाही. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषते. चार-पाच मीटरवर ही मादी लाल दिसते, पण पंधरा-वीस मीटरवर उघड्या डोळ्यांना ती मळकट तपकिरी वाटते. समाजमाध्यमांवर पेटलेली दिसणारी ती लाली बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या फ्लॅशची असते.

पण रंगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. या माशाच्या इतिहासात त्याहून मोलाची एक गोष्ट आहे आणि ती डायव्हिंगच्या कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये या माशाची चलती होती. थोरला प्लिनी आपल्या ‘नॅचरालिस हिस्टोरिया’त लिहितो की सध्या माशांमध्ये पहिला मान स्कारसचा. स्कारस म्हणजे हाच. अडचण अशी होती की तो रोमजवळच्या किनाऱ्याला मिळत नसे. तो क्रीट आणि ऱ्होड्सच्या मधल्या कार्पाथियन समुद्राचा. तिथून पकडून आणायचा तर रोमपर्यंत ताजा पोहोचणार कसा? सम्राट क्लॉडियसच्या काळात, म्हणजे इसवी सन ४१ ते ५४ च्या दरम्यान, ऑप्टॅटस नावाच्या आरमारप्रमुखाने यावर तोडगा काढला. गुलामीतून मुक्त होऊन वर आलेला हा माणूस. त्याने पूर्वेकडून जिवंत मासे आणवले आणि रोमच्या ऑस्टिया बंदरापासून कॅम्पेनियापर्यंतच्या किनाऱ्यावर ते पेरल्यासारखे सोडून दिले. आणि मग सुमारे पाच वर्षे अशी काळजी घेतली की यातला कुठलाही मासा जाळ्यात आला तर तो पुन्हा समुद्रात जायला हवा. प्लिनी पुढे नोंदवतो की यानंतर इटलीच्या किनाऱ्यावर, जिथे तो पूर्वी कधी सापडत नव्हता तिथे, हा मासा भरपूर मिळू लागला.

प्लिनीच्या पुस्तकात ऐकीव आणि अद्भुत मजकुराला तोटा नाही, म्हणून या हकिगतीकडेही कुणी संशयाने पाहील. पण ऑप्टॅटस कल्पनेतला नाही. इसवी सन ५२ चा एक ब्राँझचा पत्रा उपलब्ध आहे. आरमारातल्या एका खलाशाला सेवेबद्दल रोमन नागरिकत्व दिल्याचा तो दाखला, आणि त्यावर वरिष्ठ म्हणून तिबेरियस यूलियस ऑप्टॅटसचे नाव कोरलेले आहे. अभ्यासक त्यालाच प्लिनीचा ऑप्टॅटस मानतात. शिवाय प्लिनी स्वतः पुढे मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख झाला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा तो त्याच पदावर होता आणि त्या उद्रेकातच मेला. आपल्या खात्याच्या एका जुन्या अधिकाऱ्याने काय केले, हे त्याला ठाऊक असणे स्वाभाविक आहे.

आता ऑप्टॅटसला निसर्गरक्षक ठरवण्याची घाई नको. त्याने हे केले ते सम्राटाच्या आणि धनिकांच्या ताटासाठी. हा मासा खाण्याची तिथली तऱ्हाही त्या वर्गाला शोभेशी होती: खरी चव आतड्यांत, असे जाणकार मानत. कवी मार्शलने तर एका चुटक्यात सांगून टाकले की पोटातले तेवढे चांगले, बाकी मासा हलका. इसवी सन ६९ मध्ये काही महिन्यांसाठी सम्राट झालेल्या व्हिटेलियसने ‘मिनर्व्हाची ढाल’ म्हणून जे प्रचंड ताट सजवले, त्यात या माशाची काळजे, मोरांचे मेंदू आणि फ्लेमिंगोच्या जिभा एकत्र होत्या आणि त्यासाठी साम्राज्याच्या दोन्ही टोकांपर्यंत जहाजे धाडली होती, असे चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. गंमत अशी की आतड्यांसकट मासा भाजण्याची पद्धत एजियन बेटांवरच्या साध्या घरांत आजही आहे. शेवाळ खाणारा मासा, त्याचे पोट टाकायचे कशाला, हा तिथला सरळ हिशेब.

एक प्रश्न प्लिनीला पडलेला नाही, तो आपण विचारायला हवा. ऑस्टियाच्या कोळ्याचे काय झाले? रोमच्या बाजारात ज्याला सर्वाधिक भाव तो मासा त्याच्या जाळ्यात येत होता आणि त्याला तो पाण्यात सोडायचा होता, तेही पाच वर्षे. त्याला कुणी विचारले असेल असे वाटत नाही. आरमार सम्राटाचे, हुकूम आरमाराचा. पण हुकूम कोणत्याही कारणाने निघालेला असो, त्यामागचे गणित चोख होते. मासा सोडून भागत नाही, सोडल्यावर त्याला वाढायला वेळ द्यावा लागतो. वेळ म्हणजे एखादा हंगाम नव्हे तर वर्षे. आणि त्या वर्षांत कुणीतरी जाळ्यांवर नजर ठेवावी लागते. पाण्यात मासे किती उरलेत हे मोजण्याचे कोणतेही साधन नसलेल्या माणसाला हे कळले होते.

आज हा मासा पुन्हा उत्तरेकडे निघाला आहे आणि या वेळी त्याला कुणी जहाजातून नेत नाही. प्लिनीने त्याची एक हद्दही सांगितली आहे: ट्रॉयच्या परिसरातले लेक्टम भूशिर हा मासा आपण होऊन कधी ओलांडत नाही. ते भूशिर म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम टोकाचे बाबा बुर्नू. तिथे भिंत नाही, अडवणारा कुणी नाही. ऊब आवडणाऱ्या माशाला उत्तरेचे पाणी गार पडत असणार, एवढेच. आता ते गार पाणीच मागे हटते आहे. गेल्या काही दशकांत हा पोपटमासा क्रोएशियाच्या दक्षिणेकडच्या बेटांपाशी, लिगुरियन समुद्रात, दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याला दिसू लागला आहे. २०२३ च्या जुलैत भूमध्य समुद्राच्या पृष्ठभागाचे दैनिक मध्यक तापमान २८.७ अंश सेल्सियसवर गेले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तोही विक्रम मोडला. इकडे पोपटमाशाला नवे घर मिळत होते, तिकडे १९९९ आणि २००३ च्या उन्हाळ्यांतल्या उष्णतेने वायव्येकडच्या खडकांवरचे लाल गॉर्गोनियन मोठ्या प्रमाणावर मेले. ते पंख्यांसारखे पसरलेले, फार सावकाश वाढणारे प्राणी. पुन्हा तेवढे व्हायला दशके जातात. पण मेलेल्या गॉर्गोनियनचा फोटो कुणी टाकत नाही. नवा लाल मासा दिसला की मात्र ‘आता आमच्याकडेही’ अशी जाहिरात सुरू होते.

माझा आक्षेप आहे तो इथे. पाण्याखालच्या पर्यटनाने समुद्राची प्रकृती मोजण्यासाठी रंग हे माप करून टाकले आहे आणि भूमध्य समुद्रात हे माप हमखास फसवते. तिथली खरी दौलत तपकिरी आहे. सिस्टोसिरा नावाच्या शेवाळांची गुडघाभर उंचीची दाट राने, त्यांत वाढणारी पिल्ले, त्यांच्यावर जगणारे किडे आणि खेकडे. ही राने पूर्वेकडे कशी संपली, ते पाहण्यासारखे आहे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि तांबड्या समुद्रातले मासे हळूहळू इकडे आले. त्यांत सिगॅनस वंशाचे दोन ससेमासे होते. एकाची नोंद १९२० च्या दशकातली, दुसऱ्याची १९५० च्या दशकातली. पाणी तापू लागले तसे ते फोफावले. आपल्या पोपटमाशासारखेच तेही शाकाहारी, पण यांची भूक वेगळी: वाढलेले शेवाळही खायचे आणि नव्याने फुटणारे कोंबही. दक्षिण तुर्कस्तानात आणि एजियनच्या आग्नेय कोपऱ्यात मैलोनमैल खडक त्यांनी नागडे करून टाकले आहेत. तिथे बुडी मारणाऱ्याला पाणी अगदी निवळ दिसते, खडक स्वच्छ दिसतो, मधून एखादा लाल पोपटमासा जातो, आणि वर आल्यावर तो सांगतो, ‘काय सुंदर डायव्ह होती!’ उजाड माळ बघून खूश झालेल्या माणसाला काय म्हणावे?

हे पोपटमाशाच्या नावे खपवू नये. त्याचा यात काही दोष नाही आणि तो धोक्यातही नाही. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद ‘चिंतेचे कारण नाही’ अशीच आहे. त्याला वाचवा, अशी मोहीम काढण्याची गरज नाही. त्याच्या निमित्ताने झालेला पहिल्या शतकातला तो प्रयोग मात्र पुन्हा उघडून पाहण्याची गरज आहे, कारण तो पुन्हा झाला आहे, त्याच देशात, आणि जवळजवळ तेवढ्याच मुदतीचा.

इटलीच्या टाचेवर, ब्रिंडिसीच्या वायव्येला, एड्रियाटिकच्या काठी तोर्रे ग्वाचेतो नावाचे राखीव समुद्रक्षेत्र आहे. साधारण बावीसशे हेक्टर पाणी. ते कागदावर राखीव झाले १९९१ मध्ये, आणि पुढची आठ-दहा वर्षे कागदावरच राहिले. मासेमारी चालूच होती. २००० च्या सुमारास व्यवस्थापन उभे राहिले, गस्त सुरू झाली आणि तिथली सगळी मासेमारी बंद झाली. कोळी अर्थातच संतापले. पण या वेळी ऑस्टियाची पुनरावृत्ती झाली नाही. शास्त्रज्ञ आणि व्यवस्थापक त्यांच्याशी बोलत राहिले, बंदीच्या काळात पाण्यात काय बदलते आहे ते त्यांना दाखवत राहिले. २००५ पर्यंत, म्हणजे पाचेक वर्षे, जाळे पाण्यात पडले नाही. मग राखीव क्षेत्राच्या एका भागात स्थानिक कोळ्यांना परत येऊ दिले, आणि अटी त्यांच्याशी बसून ठरवल्या: आठवड्यातून एकच दिवस, मोठ्या आसाची जाळी, जाळ्याच्या लांबीवर मर्यादा. सुरुवातीच्या दिवसांत जाळी भरभरून आली. पुढे आकडे खाली आले, पण बाहेरच्या पाण्याच्या दुपटीच्या आसपास स्थिरावले. एका दिवसात दोन दिवसांचा मासा, तोही अंगापिंडाने मोठा. डिझेल कमी, मेहनत कमी. बंदीला विरोध करणारेच मग नियम मोडणाऱ्या बाहेरच्या होड्यांवर नजर ठेवू लागले.

मला ही हकिगत ऑप्टॅटसच्या हकिगतीपेक्षा मोठी वाटते. हुकमाने मासे वाढवता येतात, हे पहिल्या शतकात कळले. ज्याच्या पोटावर पाय येतो त्याला बरोबर घेऊनही ते वाढवता येतात, हे तोर्रे ग्वाचेतोने दाखवले. आणि तरीही अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. भूमध्य समुद्राच्या नकाशावर राखीव क्षेत्रांच्या रेघोट्या भरपूर आहेत. पण जिथे खरोखर काहीही पकडता येत नाही असे पाणी एकूण समुद्राच्या एक टक्काही भरत नाही. बाकी ठिकाणी पाटी आहे, पाटीवर डॉल्फिनचे चित्र आहे आणि पाटीच्या मागे ट्रॉलर चालतो आहे. पाच वर्षे थांबणे ही गोष्ट कुणालाच नको असते. निवडणूक त्याच्या आत येते, कर्जाचा हप्ता तर दर महिन्याला येतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही एकसष्ट दिवसांची बंदी, ज्यातले निम्मे दिवस समुद्र तसाही होडी घालू देत नाही, तीसुद्धा निर्वेध पार पडत नाही. तेव्हा पाच वर्षे म्हणजे काय हे कोकणातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

गरम पाण्याने आलेला पोपटमासा या सगळ्यात फार सोयीचा पडतो. त्याच्यासाठी कुणी जाळे आवरले नाही, कुणाचा हंगाम बुडाला नाही, कुणी गस्त घातली नाही. फुकटात रंग आला. ‘बघा, आमच्याकडे नवनवे मासे येत आहेत’ असे म्हणणाऱ्या स्थानिक पर्यटन मंडळांना आणि डायव्ह सेंटरांना त्यात काही चुकते आहे असे वाटतही नाही. जातींची यादी लांबते, खडकावरचे रान आखडते, आणि अहवालात पहिली ओळ तेवढी ठळक होते.

डायव्हिंगच्या धंद्याला शिव्या देऊन मात्र उपयोग नाही, कारण पैसा त्याच्याचकडे आहे. फ्रान्सच्या पोर्ट-क्रो बेटाभोवतीचे पाणी १९६३ पासून राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथला मोठा ग्रूपर, आपल्या गोबऱ्याचा भाऊबंद, भाल्याने शिकार करणाऱ्यांनी जवळपास संपवला होता. आज तो तिथे शेकड्यांनी आहे आणि माणूस दिसला तरी हलत नाही. स्पेनमध्ये कॅतालोनियाच्या मेडेस बेटांभोवती १९८३ पासून मासेमारी बंद आहे. तिथे दिवसाला किती जणांनी बुडी मारायची याला मर्यादा आहे आणि प्रत्येक बुडीमागे शुल्क घेतले जाते. लोक कुरकुरत का होईना, ते भरतात, कारण पाण्याखाली बघायला काहीतरी आहे: तपकिरी, करडे, दांडगे मासे, आणि त्यांनी भरलेला खडक.

लाल पोपटमासा दाखवण्याचे पैसे जी सेंटरे घेतात, त्यांच्यावर मेडेससारखे शुल्क सगळीकडे लावावे, आणि ते पैसे नव्या माहितीफलकांवर न घालवता गस्तीनौकेच्या डिझेलवर आणि बंदीच्या वर्षांत बसून राहणाऱ्या कोळ्यांच्या भरपाईवर खर्च करावेत. ऑप्टॅटसपाशी आरमार होते. राखीव क्षेत्रांच्या अनेक व्यवस्थापकांपाशी आज एक रबरी बोट असते, आणि तिचा चालक उन्हाळ्यापुरता नेमलेला असतो.